बायकांच्या जागा आणि तृतीयपंथीयांचे हक्क: वॉर्डात खुली चर्चा कशी घ्यावी

सांगलीत, मिरजेत किंवा तालुक्याच्या एखाद्या गावात या विषयावर सभा ठेवायची असेल तर आधी बॅनरवरचा प्रश्न बदला. ‘महिलांच्या जागा की तृतीयपंथीयांचे हक्क?’ असं लिहिलं की पाच मिनिटांत दोन तट पडतात. पुढचे दोन तास माणसं मोबाइलवर पाहिलेल्या परदेशी भांडणावर बोलत राहतात, आणि ज्या स्वच्छतागृहाबद्दल बोलायचं ते कुणी आतून पाहिलेलंही नसतं. बॅनरवर एखादी जागाच लिहा. ‘मंडईत भाजी विकायला बसलेली बाई आणि मंडईत आलेली तृतीयपंथी व्यक्ती, दोघींनाही लाज आणि भीती न बाळगता लघवीला कुठे जाता येईल?’ या प्रश्नाला उत्तर असतं. ते महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून करून घेता येतं, आणि तीन महिन्यांनी जाऊन तपासता येतं.

तयारीला सहा आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात जागा आणि प्रश्न ठरवा. दुसऱ्या-तिसऱ्यात पाहणी, चौथ्यात दोन वेगळ्या बैठका, पाचव्यात कायद्याचं एक पान, सहाव्यात सभा. आठ दिवसांत उरकलेल्या सभेत पाहणी झालेली नसते, म्हणून सगळं बोलणं ऐकीव राहतं.

पाहणी दोघींनी मिळून करावी. एक वॉर्डातली बाई आणि एक तृतीयपंथी व्यक्ती अशी जोडी सगळ्यात चांगली, कारण एकीला न खुपणारी गोष्ट दुसरीला खुपते. बरोबर मोजपट्टी, टॉर्च, घड्याळ आणि वही घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीनंतर अशा तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास थांबा. बायकांच्या बाजूला किती सीट आहेत, त्यातल्या किती कुलपात आहेत, किती तुंबल्या आहेत ते लिहा. प्रत्येक दाराला आतून कडी लागते का, ते लावून बघा. नुसती दिसणारी कडी बऱ्याचदा चौकटीच्या भोकात बसतच नाही. दाराखालची फट सेंटिमीटरमध्ये मोजा, दाराच्या फळीला आणि भिंतीला भोकं आहेत का ते टॉर्चने पाहा. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते? दार लावल्यावर आतल्या उजेडात वर्तमानपत्रातली बारीक बातमी वाचता येते का? पिशवी टांगायला खुंटी, वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा, हात धुवायला साबण आहे का? बाहेर केअरटेकर असतो की असते? मुताऱ्यांचं तोंड बायकांच्या वाटेवर उघडतं का? शेवटचे दोन प्रश्न विसरू नका. बायका एखादं स्वच्छतागृह टाळतात त्यामागे फार वेळा वाटेत रेंगाळणारे पुरुष असतात, आणि त्याच वाटेवर तृतीयपंथी व्यक्तीलाही त्याच टोळक्याकडून त्रास होतो. मोजणी हातात असली की ही गोष्ट सभेत आरोप न करता मांडता येते.

सीटच्या संख्येचा ताळाही घाला. शहरी स्वच्छ भारत मोहिमेत वस्तीच्या सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट असं प्रमाण दिलं आहे. तुमच्या वस्तीत ते किती आहे हे सभेत फळ्यावर लिहा. बायकांना मुळात जागा कमी मिळते ही तक्रार खरी आहे. ती आधी नोंदवली नाही, तर पुढे तृतीयपंथीयांबद्दल निघालेलं प्रत्येक वाक्य ‘आमच्यातलंच काढून देणार’ असं ऐकू येतं.

चौथ्या आठवड्यातल्या दोन बैठका वेगवेगळ्याच घ्या.

पहिली फक्त बायकांची. खुल्या सभेत या विषयावर सगळ्यात जास्त पुरुष बोलतात, ‘आमच्या आयाबहिणी’ म्हणत. आयाबहिणींना मात्र पाळी, गर्भारपण, मधुमेहामुळे वारंवार लागणारी लघवी किंवा पूर्वी झालेली छेडछाड पुरुषांसमोर सांगता येत नाही. गावात असाल तर सोय तयारच आहे, कारण ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. तीच महिला सभा वापरा. शहरात बचत गटाची नेहमीची बैठक चालेल. आशाताईंना बोलवा, पण सूत्रं त्यांच्या हाती देऊ नका, नाहीतर ते आरोग्य शिबिर होऊन बसतं. प्रत्येकीला एक कोरी चिठ्ठी द्या: मला कशाची भीती वाटते, कुठे वाटते, काय केल्यावर वाटणार नाही. नाव लिहायचं नाही. लिहिता न येणाऱ्या बाईची चिठ्ठी तिच्याच पसंतीच्या बाईने लिहावी. एखादीने ‘तृतीयपंथी आत आले तर मला अवघडल्यासारखं होईल’ असं लिहिलं तर तिला तिथल्या तिथे समजवायला जाऊ नका. चिठ्ठी जशीच्या तशी ठेवा. गप्प बसवलेली बाई सभेला येत नाही, आणि नंतर ठरावाला खालून सुरुंग लावते.

दुसरी बैठक तृतीयपंथीयांची, त्यांच्या सोयीच्या ठिकाणी. मंगळवार आणि शुक्रवार टाळा. यल्लम्माच्या जोगत्यांचे ते जोगव्याचे वार, घरी कुणी सापडत नाही. जतच्या यल्लम्माच्या यात्रेचे दिवसही टाळा. तृतीयपंथीयांची गुरू-चेल्यांची घराणी असतात; निमंत्रण त्या गुरूंच्या हाती द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. घरी आईवडिलांजवळ राहणारी, नोकरी करणारी, कोणत्याही घराण्यात नसलेली माणसंही असतात. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया आणि लैंगिक अल्पसंख्याकांबरोबर काम करते. अशा ओळखीच्या संस्थेमार्फत निरोप गेला तर विश्वास बसतो. इथेही तीच चिठ्ठी, तेच तीन प्रश्न. ट्रान्स पुरुषांना आवर्जून शोधा. जन्माच्या दाखल्यावर मुलगी असलेला, आज दाढी राखून पुरुष म्हणून जगणारा माणूस कुठे जातो हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर मात्र सगळ्या चर्चेला उपयोगी पडतं.

संबोधनाचा घोळ आधीच मिटवा. ‘तृतीयपंथी’ हा शब्द आपल्याकडे सर्रास चालतो, काहींना ‘पारलिंगी’ बरा वाटतो, काही जण स्वतःला ट्रान्स म्हणवतात, आणि जोगता ही यल्लम्माच्या परंपरेतली वेगळी ओळख आहे. ‘हिजडा’ काही समूह स्वतःसाठी वापरतात; बाहेरच्याने सभेत वापरू नये. समोरच्याला विचारा, ‘तुम्हाला काय म्हणू?’ आणि तेच म्हणा. अहो-जाहो सगळ्यांना सारखंच. नगरसेविकेला ‘ताई’ आणि तृतीयपंथी वक्त्याला ‘ए’ झालं की सभा तिथेच बिघडली.

कायद्याचं पान एकच असू द्या, दोन्ही बाजूंनी छापलेलं, मोठ्या अक्षरात. त्यात एवढं पुरे. संविधानाच्या कलम १५(३) प्रमाणे राज्याला स्त्रिया आणि बालकांसाठी विशेष तरतूद करता येते. बायकांच्या राखीव सोयींचा आधार तो आहे. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या) निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहं पुरवावीत असं सांगितलं. एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत, सार्वजनिक शौचालयात त्यांना पुरुषांची किंवा बायकांची, त्यांच्या पसंतीची बाजू वापरू द्यावी, असं आलं. ही दोन्ही वाक्यं पानावर शेजारी छापा. एक बाजू ‘स्वतंत्र’ हा शब्द उचलते, दुसरी ‘पसंती’ हा. दोन्ही एकदम समोर असले की कुणाला अर्धवट वाचून दाखवता येत नाही.

पुढे २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १० जानेवारी २०२० पासून लागू. संमत झालेल्या मजकुरात कलम ३ भेदभावाला मनाई करतं. इतरांना खुल्या असलेल्या सार्वजनिक जागेच्या वापरापासून अडवणं हा कलम १८ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं आणि दंड. ओळखपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. २०२० च्या नियमांत आस्थापनांनी सर्वांना वापरता येईल असं स्वच्छतागृह द्यावं याचाही उल्लेख आहे. बायकांच्या राखीव खोलीत कुणी जावं, कुणी जाऊ नये, हे मात्र त्या अधिनियमात थेट लिहिलेलं नाही. वाद उरतो तो तिथेच, आणि ते लपवू नये. कायद्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून सभेच्या आठवड्यात ताजा मजकूर काढून एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या.

भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ पानावर हवंच. खाजगी कृती करत असलेल्या स्त्रीला, म्हणजे शौचालय वापरणारीही त्यात आली, चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा. जुन्या कायद्यात आरोपी ‘पुरुष’ होता, या कलमात ‘जो कोणी’ आहे. ‘तृतीयपंथी म्हणून आत येऊन कुणी गैरप्रकार केला तर?’ हा प्रश्न सभेत येणारच. त्याचं उत्तर असं की करणारा कुणीही असो, गुन्हा तोच.

ब्रिटनचं नाव निघणार, म्हणून दोन ओळी त्याही. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या समानता कायद्यातल्या ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगाप्रमाणे घ्यावा असा निर्णय दिला. ट्रान्स व्यक्तींना त्याच कायद्यात भेदभावापासून असलेलं संरक्षण कायम आहे हेही त्याच निकालात आहे. तो त्यांच्या एका कायद्याचा अर्थ आहे, आपल्याकडे बंधनकारक नाही. बायकांच्या संघटनांनी तिथे मांडलेले प्रश्न इथेही पडू शकतात. उत्तरं मात्र आपल्या कायद्यात आणि आपल्या इमारतीत शोधावी लागतात.

आता सभा. वेळ दुपारी तीन ते पाच, कारण संध्याकाळी बायकांना स्वयंपाक असतो आणि तृतीयपंथीयांना उशिरा परतताना त्रास. शाळेचा हॉल किंवा समाजमंदिर घ्या. खुर्च्या गोलात मांडा. स्टेज असेल तर वापरू नका. तृतीयपंथी वक्ता एकटा कधीच बसवू नका, किमान तिघं हवीत. एकट्यावर साऱ्या समाजाचं ओझं पडतं, आणि लोक विषय सोडून त्याच्याकडेच बघत बसतात. सूत्रसंचालनाला दोघी, घड्याळ बघायला एक, इतिवृत्त लिहायला एक. फोटो, रेकॉर्डिंग, लाइव्ह काही नाही, दारातच सांगा. इतिवृत्तात नावं फक्त पदाधिकाऱ्यांची.

पहिली दहा मिनिटं पाहणीचे आकडे. मग वीस मिनिटं चिठ्ठ्यांचं वाचन: बायकांची एक, तृतीयपंथीयांची एक, अशा आलटून पालटून. वाचणारी व्यक्ती तिसरीच असावी आणि आवाजात चढउतार नसावा. या वीस मिनिटांत सभा शांत होते, कारण दोन्ही ढिगांत ‘कडी’, ‘उजेड’, ‘बाहेर उभे राहणारे पुरुष’ हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. पुढची दहा मिनिटं कायद्याचं पान. मग पन्नास मिनिटं चर्चा, एकाला दोन मिनिटं. उरलेली तीस मिनिटं ठरावाची. त्यातला वेळ चर्चेला देऊ नका.

चर्चेत दोन नियम कडक पाळा. कुणाच्या शरीराबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल प्रश्न नाही. आणि कुणाच्या भीतीला ‘मागासलेपणा’ किंवा कुणाच्या असण्याला ‘थेर’ म्हणायचं नाही. अवघड प्रश्न मात्र अडवू नका, उलट सूत्रसंचालिकेनेच ते दोन्हीकडे विचारावेत. जन्मनोंदीप्रमाणेच प्रवेश द्यायचा म्हणणाऱ्यांना विचारा: मग दाढीवाला ट्रान्स पुरुष बायकांच्या बाजूला पाठवायचा का, आणि दारात नोंद तपासणार कोण? उंच, राठ आवाजाच्या बाईलाही अडवलं जाईल, तिचं काय? स्वतःच्या सांगण्यावर प्रवेश द्यायचा म्हणणाऱ्यांना विचारा: साडी नेसून मस्करी करायला आलेला टवाळ आणि खरी तृतीयपंथी व्यक्ती यांत रात्री नऊला केअरटेकरने फरक कसा करायचा? अत्याचार सोसलेल्या बाईला पुरुषी देहाची नुसती चाहूलही सहन होत नसेल तर तिने कुठे जायचं? या चारही प्रश्नांना सरसकट उत्तर नाही.

म्हणूनच जागांची वर्गवारी करा. सभेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. फळ्यावर वेगळे रकाने पाडून करा.

दार लागणारी, एकेकाची खोली असलेली स्वच्छतागृहं हा सगळ्यात सोपा रकाना. भिंती छतापर्यंत, दाराखालची फट नावापुरती, कडी पक्की असेल तर शेजारच्या खोलीत कोण आहे याने फारसा फरक पडत नाही. त्याशिवाय एक ‘सर्वांसाठी’ खोली मागा. आतच बेसिन, आतच डबा, आणि दार मुख्य वाटेवर उघडणारं. पुरुषांच्या किंवा बायकांच्या बाजूतून जावं लागणारं नको. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि आत व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ ठेवलं तर अपंग व्यक्ती, आईला घेऊन आलेला मुलगा, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, सगळ्यांचं भागतं. नेहमी होणाऱ्या चुका इथेच सांगून ठेवा. ही खोली बायकांच्या सीटमधून कापून काढतात: ती जादा हवी, असं ठरावात लिहा. अपंगांच्या खोलीवर नवी पाटी ठोकतात आणि किल्ली कार्यालयात ठेवतात, मग ती कुणाचीच राहत नाही. पाटीवर ‘तृतीयपंथी’ लिहिलं की आत जाणारा चौकात उघडा पडतो. ‘सर्वांसाठी, एका वेळी एक व्यक्ती’ ही पाटी बरी. पण तुमच्या बैठकीत तृतीयपंथीयांनीच स्वतंत्र पाटी मागितली असेल तर त्यांचं ऐका.

दुसरा रकाना उघड्यावर कपडे बदलण्याच्या आणि आंघोळीच्या जागांचा: पोहण्याचा तलाव, यात्रेतली न्हाणी, नदीघाट, आणि आपल्याकडे पूर आला की निवारा केंद्र. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा विषय सांगलीत पुस्तकी राहिलेला नाही. एकत्र न्हाणी असेल तिथे बायकांचा अवघडलेपणा अगदी रास्त आहे आणि तृतीयपंथी व्यक्तीलाही तिथे उघडं व्हायचं नसतं. म्हणून एकत्र न्हाणी करूच नका. चार बांबू, ताडपत्री सहा फुटांच्या वर, आतून बांधायला दोरी, एका वेळी एक. आपत्तीतल्या मदतीसाठीच्या ‘स्फिअर’ मानकांत २० माणसांमागे एक शौचालय आणि झोपायला माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा सांगितली आहे. शाळेचा वर्ग मोजून किती माणसं मावतात ते मे महिन्यातच काढा. रात्री बायकामुलांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवा. गुरू आणि चेले एक घर म्हणून राहतात, त्यांना विभागू नका. छोटा वर्ग द्या. एकटी ट्रान्स स्त्री असेल तर तिला आणि त्या वर्गातल्या बायकांना, दोघींनाही विचारून जागा ठरवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागल्यावर अशी चर्चा होत नाही; तेव्हा जो ओरडेल त्याचं चालतं.

तिसरा रकाना छळ सोसलेल्या बायकांसाठीच्या जागांचा, म्हणजे सखी वन स्टॉप सेंटर, आधारगृह. इथे बायकांच्या म्हणण्याला जास्त वजन द्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण बाई तिथे येते ती भीतीतून सुटायला. पण मार खाऊन आलेली ट्रान्स स्त्री दारातून परत पाठवणं हेही क्रूर आहे. मार्ग असा: वेगळी खोली, वेगळी समुपदेशनाची वेळ, आणि पुढच्या राहण्यासाठी तृतीयपंथीयांच्या ‘गरिमा गृह’ निवाऱ्यांशी आधीच जोडलेला संपर्क. एसटी स्टँडवरचा हिरकणी कक्ष यात मोडत नाही. तो बाळाला पाजण्यासाठी आहे, कामावरून ठरतो; त्यावर वेळ घालवू नका.

राखीव जागा आणि खेळ हे विषय निघतील, पण ठरावात घेऊ नका. निवडणुकीबाबत एवढं सांगा की २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला एका तृतीयपंथी उमेदवाराला स्त्रियांसाठी राखीव जागेवरून लढायची मुभा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिली, आणि त्या निवडून आल्या. खेळात नियम त्या त्या संघटनेचे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने मार्च २०२३ मध्ये, पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिला गटातून वगळलं. त्यावर वॉर्डात कितीही बोललं तरी काही बदलत नाही.

ठराव लिहिताना विशेषणं गाळा. ‘सर्वसमावेशक व सुरक्षित वातावरण निर्माण करावे’ असा ठराव फाइलमध्ये जिरतो. असा लिहा: ‘मंडईजवळच्या स्वच्छतागृहात बायकांच्या बाजूच्या सर्व दारांना आतून कड्या बसवाव्यात, वाटेवर दोन दिवे लावावेत, बायकांची एकही सीट कमी न करता एक सर्वांसाठी खोली बांधावी, दुपारी व रात्री महिला केअरटेकर असावी, कनिष्ठ अभियंत्यांनी ३० दिवसांत अंदाजपत्रक द्यावे.’ एकमत झालं नाही त्या मुद्द्याखाली ‘मतभेद’ असं लिहून दोन्ही म्हणणी दोन-दोन ओळींत नोंदवा. खोटं एकमत लिहू नका. गावात ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. हजेरीवर सह्या मोजूनच ठराव मांडा.

ठरावाची प्रत महापालिकेत किंवा पंचायतीत आवक-जावक शिक्का घेऊन द्या, शिक्क्याची पोच जपा. महिन्यात हालचाल नसेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारा: अमुक ठरावावर आजवर काय कार्यवाही झाली, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ते उत्तर टाळायला सोपं पडतं. आणि तिसऱ्या महिन्यात त्याच दोघींनी, तीच वही, तीच मोजपट्टी घेऊन पुन्हा त्याच स्वच्छतागृहात जावं. बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीनंतर, आणि प्रत्येक कडी आतून लावून बघावी.